बिवील्डर्डचा मान

इंग्रजी शब्दांच्या बाबतीत पिंपळथडीत माझा हात धरणारा कोणी नाही, हे मी आधीच सांगून टाकतो! नंतर कोणी म्हणायला नको की वैजनाथनं सांगितलं नव्हतं. मी आमच्या दूध संस्थेचा सेक्रेटरी. बी.ए., आणि तेही इंग्रजी घेऊन! गावात औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं असोत, नातवाच्या शाळेची नोटीस असो, नाहीतर मोबाईलवर आलेला कसलाही मेसेज असो, माणूस थेट माझ्याकडे येतो. मी चष्मा पुसतो, घसा खाकरतो आणि अर्थ सांगतो. अर्थ येत नसेल तर जरा जास्त वेळ सांगतो.

पिंपळथडी म्हणजे कोल्हारच्या अलीकडे, प्रवरेच्या काठाला. घरटी दोन-चार गाई. सकाळच्या दुधाची काही तक्रार नाही. दुखणं संध्याकाळच्या दुधाचं. शमशेरभाईंचा टेम्पो कॅन भरून निघतो आणि कोल्हारच्या पुलाशी ट्रकांच्या रांगेत अडकतो. उन्हाळ्यात तिथं तासभर गेला की दूध नासतं, आणि डेअरीवाले नाक मुरडून कॅन परत पाठवतात. म्हातारी साळूबाई दोन गाईंवर घर चालवते. चैत्रात तिचं दूध एका आठवड्यात तीनदा परत आलं. तिसऱ्या वेळी तिनं कॅन पाण्याच्या चारीत ओतला, धुतला आणि पालथा घातला. त्या रात्री मला जेवण गेलं नाही, खरं सांगतो.

यावर इलाज एकच होता. गावातच दूध गार करणारी मोठी टाकी! आमच्याकडे तिला बल्क कूलर म्हणतात. अशी एक टाकी एक परदेशी संस्था चाचणीसाठी देणार होती, आणि आमच्या गावाचं नाव यादीत होतं. त्या संस्थेच्या पूजा मॅडमचा मला फोन आला.

"सर, न्यूझीलंडहून फिओना मॅडम येणार आहेत. पण एक अडचण आहे. मागच्या गावात त्यांनी दोन तास सगळं समजावून सांगितलं. दर पाच मिनिटांनी विचारलं, समजलं का? सगळे म्हणाले, यस, यस! महिन्यानं मॅडम परत गेल्या, तर टाकीत कलिंगडं!"

"कलिंगडं?"

"गार करायला ठेवलेली. आता मॅडमनी ठरवलंय, ज्या गावात कोणी 'समजलं नाही' म्हणत नाही, त्या गावाला टाकी द्यायची नाही. तुमच्याकडचे लोक म्हणतील ना तेवढं?"

"म्हणजे काय! बिनधास्त या. दुभाष्याचं कामही मीच बघतो!" मी म्हणालो.

फोन ठेवला आणि मला घाम फुटला. पिंपळथडीत पाहुण्याला 'समजलं नाही' म्हणायचं? अहो, आमच्याकडे पाहुण्यानं म्हटलं की यंदा चिंचेला आंबे लागलेत, तरी माणसं म्हणतात, "लागले आसतील, आमी तिकडं गेलोच न्हाई." पाहुण्याचं बोलणं कळलं नाही असं सांगणं म्हणजे त्याचा मान आणि आपली अब्रू, दोन्ही एकदम गेली! कारभारी अण्णा आमचे चेअरमन. बारा वर्षं ऑडिटर त्यांना अहवाल वाचून दाखवतो, आणि बारा वर्षं अण्णा मान हलवतात. त्यातलं अक्षर कळत नाही हे ऑडिटरखेरीज सगळ्यांना ठाऊक आहे.

मग माझ्या डोक्यात ती कल्पना आली. 'कळलं नाही' हे मराठीत म्हणायला माणसाला लाज वाटते. पण तेच इंग्रजीत म्हणायला मिळालं तर? छाती फुगेल! आणि मॅडमना तर थेट कळेल!

मी डिक्शनरी काढली आणि त्यात असा रमलो की चहा गार झाला. वाचकहो, गोंधळाला इंग्रजीत इतके शब्द आहेत! मला आधी वाटलं, इंग्रज फारच गोंधळलेला माणूस असावा. मग लक्षात आलं की आपलंही तेच आहे. नवी नवरी गांगरते, ती चक्रावत नाही. लाईटचं बिल बघून माणूस चक्रावतो, तो बावचळत नाही. बसस्टँडवर म्हातारा भांबावतो. प्रत्येकाचा गोंधळ वेगळा आणि प्रत्येकाला शब्द वेगळा. हे इतकी वर्षं माझ्या ध्यानात कसं आलं नाही, याचंच मला नवल वाटत राहिलं. एका वहीत मी सहा शब्द उतरवले आणि दुसऱ्या दिवशी दूध घालून झाल्यावर संस्थेत बैठक बोलावली.

साळूबाई तेवढी आली नाही. तिची एक गाय दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही, त्यामुळे धारेला उशीर झाला की सगळ्याला उशीर होतो. बाकी सगळे आले.

"हे बघा," मी म्हणालो, "दोन गोष्टींची सरमिसळ झाली, ही का ती कळेना, की म्हणायचं कन्फ्यूज्ड. आता पझल्ड. मोटर चालू, लाईट आहे, व्हॉल्व्ह उघडा, तरी पाणी नाही. तुम्ही डोकं खाजवता, हे असं कसं? तो पझल्ड. त्यातच पीक वाळायला लागलं आणि काळजीनं झोप उडाली, की पर्प्लेक्स्ड."

"आन् मेकॅनिक येऊन बी त्येला घावलं न्हाई तर?" शमशेरभाईंनी विचारलं.

"वा! तर मेकॅनिक बॅफल्ड!" मला आनंद झाला. असा विद्यार्थी मिळायला भाग्य लागतं. "आणि वासरू पहिल्यांदा लोणीच्या गुरांच्या बाजारात नेलं, माणसं, गाड्या, आवाज, कुठं बघावं कळत नाही, ते वासरू बिवील्डर्ड. शेवटचा फ्लमॉक्स्ड. भर मांडवात अचानक म्हणाले उखाणा घ्या, आणि तोंडातून शब्द फुटेना!"

लोक रंगले. एकानं विचारलं, सासूनं चहात मीठ घातलं तर कुठला शब्द. दुसऱ्यानं विचारलं, मुद्दाम घातलं असलं तर? मी वहीची पानं उलटत उत्तरं देत होतो. मला वाटलं, काम झालं!

तेवढ्यात अण्णांनी हात वर केला.

"सेक्रेटरी, अर्थ ऱ्हाऊ द्या. ह्यातला मोठा कंचा?"

"मोठा म्हणजे?"

"म्हंजी मानाचा."

इथं मी सांगायला हवं होतं की शब्दांना मान नसतो. पण आमच्या गावात सगळ्यालाच मान असतो. पोळ्याला पहिली बैलजोडी कोणाची, यात्रेत पहिला नारळ कोणाचा, पंगतीत पहिलं पान कोणाचं, हे ठरलेलं आहे. अण्णांनी विचारलं ते काही वावगं नव्हतं. मी वहीकडे बघितलं आणि म्हणालो, "बिवील्डर्ड जरा भारदस्त आहे."

"मंग तो माझा. लिहून घ्या."

मी लिहून घेतलं! ती माझी चूक. अण्णांच्या नावापुढे एक शब्द लागला म्हटल्यावर बजरंग तात्या उठले. तात्या म्हणजे माजी चेअरमन. अण्णा आणि तात्या निवडणुकीपासून एकमेकांशी बोलत नाहीत. बोलायचं झालं तर माझ्यामार्फत बोलतात.

"सेक्रेटरी, त्यांना सांगा, माजी म्हनून आमाला बी मान हाय. आमचा शब्द एका बोटानं बी कमी नगं."

"तात्या, फ्लमॉक्स्ड घ्या! त्यातलं जोडाक्षर तिहेरी आहे."

तात्यांनी तो दोनदा म्हणून बघितला. दुसऱ्या वेळी समोरचे दोघं मागं सरकून बसले. "दमदार हाय," तात्या म्हणाले. "चालंल."

बॅफल्ड आणि पर्प्लेक्स्ड संचालकांनी वाटून घेतले. शमशेरभाई हसत म्हणाले, "आपल्याला पझल्ड द्या. रोज पुलावर तेच व्हतं माझं." राहिला कन्फ्यूज्ड. तो मात्र कोणीच घेईना! "त्यो तर शाळंतली पोरं बी म्हनत्यात," असं म्हणून सगळ्यांनी तो नाकारला. ज्याचा खरा उपयोग होता, तोच शब्द बिनवारशी माझ्या वहीत पडून राहिला.

"आणि हे बघा," मी शेवटी बजावलं, "कळलं नाही, तरच म्हणायचं!"

"व्हय, व्हय," सगळे म्हणाले. त्याच वेळी मला कळायला हवं होतं.

शनिवारी सकाळी फिओना मॅडम आल्या. उंच, हसऱ्या, पायात गमबूट. बरोबर पूजा मॅडम. शाल झाली, श्रीफळ झालं, पेढा झाला. मी दुभाषा म्हणून मधोमध उभा राहिलो. फिओना मॅडम इंग्रजीत म्हणाल्या, "गुड मॉर्निंग! तुमच्या गावात आले, फार आनंद झाला."

अण्णा ताडकन उठले. फेटा सारखा केला. हात जोडले.

"मॅडम! आय ॲम बिवील्डर्ड!"

टाळ्या पडल्या! टाळ्या थांबायच्या आत तात्या उभे.

"मॅडम! आय ॲम फ्लमॉक्स्ड!"

त्यांच्या बाजूच्यांनी जास्त टाळ्या वाजवल्या. मग बॅफल्ड झाला, पर्प्लेक्स्ड झाला. सगळं मानाच्या क्रमानं, एकही चूक नाही! फिओना मॅडमचा हात अजून 'गुड मॉर्निंग'साठी वर केलेला तसाच होता. त्या माझ्याकडे वळल्या आणि हळूच म्हणाल्या, "आत्ताच? मी तर अजून काही बोललेच नाही!"

"दे आर व्हेरी ऑनेस्ट पीपल, मॅडम," मी म्हणालो.

आता मी खरं सांगून टाकायला हवं होतं की ही गडबड माझी आहे. पण मग दुभाष्याची काय किंमत राहिली असती? मी गप्प बसलो, आणि मॅडमचा पक्का समज झाला की या गावाला नमस्कारसुद्धा कळत नाही.

बिचाऱ्या मनानं फार चांगल्या! त्यांनी टॅबलेट मिटून बाजूला ठेवला. फळा मागवला. खडूनं चित्र काढलं आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "धिस... इज... अ... काऊ."

समोर बसलेले लोक जन्मल्यापासून गाईच्या पोटाखाली बसत आलेले. सगळ्यांनी फळ्याकडे आदरानं बघितलं. शमशेरभाई मान वाकडी करून पुढे आले. मॅडमनी काढलेल्या प्राण्याला बोकडाची दाढी होती, शिंगं म्हशीची होती आणि शेपटी पाचव्या पायासारखी जमिनीला टेकली होती.

"मॅडम," शमशेरभाई मनापासून म्हणाले, "आय ॲम पझल्ड."

अख्ख्या दिवसात तेवढा एक शब्द बरोबर जागी पडला! शिक्षक म्हणून मला भरून आलं. पण मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी गाईचे पाय मोजून दाखवले. चार. मग कास दाखवली. मग दूध कुठून येतं ते सांगितलं. पाऊण तास! लोक माना डोलवत होते. साळूबाई शेवटी दाराशी बसली होती, ती शेजारणीला म्हणाली, "बाई लांबून आलीया, तिच्याकडं गाई नसतील. बघू दे तिला बी." पूजा मॅडम आळीपाळीनं फळ्याकडे आणि माझ्याकडे बघत होत्या. मी छताकडे बघत होतो.

गाय एकदाची संपली. मॅडमना वाटलं, आता लोक तयार झाले. मग त्यांनी टाकीचं सांगायला घेतलं, आणि इथून खरं कामाचं सुरू झालं. दूध चार अंशावर ठेवायचं. दूध ढवळणारा पंखा सारखा फिरता हवा. धुवायचं औषध दोन प्रकारचं, एक रोज आणि एक आठवड्यानं, दोन्ही एकत्र करायची नाहीत. मी भराभर मराठीत सांगत होतो, पण मला दिसत होतं की लोकांच्या डोक्यावरून चाललंय. खरं म्हणजे माझ्याही.

"काही शंका?" मॅडमनी विचारलं.

कोणाचाच हात वर होईना.

मी अण्णांना डोळ्यांनी खुणावलं. अण्णांनी नजर चुकवली. मी त्यांच्या कानाशी गेलो. "अण्णा, आता म्हणा ना बिवील्डर्ड! आताच तर खरी वेळ आहे!"

"माझा झाला मघाशी," अण्णा कुजबुजले. "एकदा नारळ फोडला, पुन्यांदा फोडत्यात व्हय?"

"तात्या, तुम्ही तरी!"

"त्यांना सांगा, ते म्हनत न्हाईत तवर आमी कसं म्हनावं? मान मागं-पुढं व्हतो."

शमशेरभाई म्हणाले, "भाऊ, माझा तर गाईवर खर्च झाला."

"समजलं ना सगळ्यांना?" मॅडमनी पुन्हा विचारलं.

आणि अख्खी पिंपळथडी एका सुरात म्हणाली, "यस मॅडम!"

मॅडमचं हसू मावळलं. हे 'यस' त्यांनी आधी ऐकलेलं होतं. त्यांनी खडू खाली ठेवला, हात झटकले आणि टॅबलेट पिशवीत घालायला लागल्या. टाकी चालली! माझ्या हुशारीपायी चालली! पुन्हा उन्हाळा येणार, पुन्हा टेम्पो पुलाशी अडकणार, आणि पुन्हा साळूबाई चारीत कॅन ओतणार. मला स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता.

"ओ बाई!" दाराकडून आवाज आला.

साळूबाई उभी राहिली होती. पदर खोचलेला. तिला बिचारीला शब्दच मिळालेला नव्हता, आणि चेअरमनच्या आधी बोलू नये हेही त्या घाईत तिच्या ध्यानात राहिलं नसावं.

"मला न्हाई कळलं," ती म्हणाली. "सांच्याला धा लिटर दूध आनून तुमच्या टाकीत वतते. पर आमची लाईट सहाला जाती ती रातच्या धाला येती. मंग टाकी गार कशी ऱ्हायाची? का लाईट येस्तवर दुधानंच कळ काढायची?"

अण्णांनी कपाळाला हात लावला. मी मात्र तो प्रश्न इंग्रजीत शब्दाला शब्द सांगितला, कारण तो सोपा होता.

फिओना मॅडम थांबल्या. त्यांनी पिशवीतून टॅबलेट परत काढला. पडद्यावर बोट खाली-वर फिरवलं. पूजा मॅडमना काही विचारलं. पूजा मॅडमनी नकारार्थी मान हलवली. मग मॅडमनी फळ्यावरच्या गाईकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं, साळूबाईकडे बघितलं, आणि एकदम खो-खो हसायला लागल्या. हसता हसता भरभर काहीतरी म्हणाल्या. त्यात मधे एक शब्द होता. काय सांगू! उसाचा डबल ट्रेलर वळणावर निघावा तसा तो त्यांच्या तोंडातून निघतच राहिला, निघतच राहिला.

"काय म्हनल्या? काय म्हनल्या बाई?" सगळे माझ्याकडे बघायला लागले.

वाचकहो, मला कळलं नव्हतं. त्या शब्दापाशीच मी अडकलो आणि पुढची दोन वाक्यंही गेली. माझ्या वहीत तेव्हाही एक शब्द बिनवारशी पडलेला होता. तो म्हणायला किती वेळ लागला असता? पण मी चष्मा पुसला आणि घसा खाकरला.

"मॅडम म्हणतात, प्रश्न फार छान आहे. अशाच एकजुटीनं काम करा, गावाचं नाव काढा."

"नाही हो सर!" पूजा मॅडमना राहवलं नाही. "त्या तसं काहीच म्हणाल्या नाहीत! त्या म्हणाल्या, तुमच्या गावानं माझं डोकं पुरतं विस्कटून टाकलं. सकाळपासून काय चाललंय तेच कळत नाही, आणि आता या आजींच्या प्रश्नाचं उत्तरही माझ्याकडे नाही. मी शोधून आणते. पण टाकी इथंच येणार, आणि ती या आजींच्या ताब्यात राहणार. त्या विचारतील तरी!"

बायकांनी साळूबाईला गराडा घातला. साळूबाई म्हणत होती, "मी काय केलं? लाईटचं तर इचारलं!" आणि पदरानं डोळे पुसत होती. माझेही भरून आले होते, पण दुभाष्यानं रडू नये म्हणून मी फळा पुसायला लागलो.

मॅडम गेल्या. महिन्याच्या आत टाकी आली, आणि लाईट गेल्यावरही दूध गार राहावं म्हणून बर्फ साठवणारी दुसरी पेटीही आली. संध्याकाळचं दूध आता रात्रभर गावातच गार राहतं. साळूबाई रोज पाऱ्याचा आकडा बघते आणि दर शनिवारी पूजा मॅडमना मधे घेऊन न्यूझीलंडला फोनवरून शंका विचारते. सगळं चांगलं झालं. वाईट फक्त माझं झालं.

त्याचं असं झालं की मॅडमची गाडी वळली तेव्हाच अण्णांनी मला कोपऱ्यात घेतलं.

"सेक्रेटरी, बाई मघाशी बोलली त्यो शब्द गोंधळाचाच हुता ना?"

"हो. डिस... कॉम्बॉ... ब्युलेटेड. पूजा मॅडमनी लिहून दिलाय. सगळं विस्कटून कुठलं काय कुठं होतं तेच कळेनासं होणं. काय गंमत आहे बघा अण्णा, यातही..."

"गंमत ऱ्हाऊ द्या! एवढा लांबलचक शब्द घरात हुता, आन् तुमी मला बिवील्डर्ड दिला?"

"अण्णा, खरं सांगतो, मला तो शब्द माहीतच नव्हता."

"तुमाला? बी.ए. इंग्लिश माणसाला? कुनाला शेंड्या लावता?"

तेवढ्यात तात्या आले. त्यांनाही तेच वाटत होतं, फक्त तो शब्द मी अण्णांसाठी राखून ठेवला असा त्यांचा संशय. मी दोघांना देवाची शपथ घेऊन सांगितलं. तीस वर्षं मला सगळं येतं असं सांगत आलो, आणि गावानं कधी शंका घेतली नाही. आयुष्यात पहिल्यांदा 'मला माहीत नव्हतं' असं खरं बोललो, तर एक माणूस विश्वास ठेवायला तयार नाही!

आता अण्णा आणि तात्या एकमेकांशी बोलतात. माझ्याशी दोघंही बोलत नाहीत. रोज सकाळी दूध घालून झालं की दोघं बरोबर माझ्या टेबलापाशी येतात आणि पूजा मॅडमनी लिहिलेला तो कागद पुढे धरतात. वार्षिक सभेत अण्णांना तो शब्द म्हणायचा आहे. मी चष्मा पुसतो, घसा खाकरतो आणि सुरू करतो. डिसकॉम्... आणि तिथंच माझी जीभ अडकते. कालही अडकली.

अण्णांनी कागदाची घडी घालून खिशात टाकली आणि पायरी उतरताना तात्यांना म्हणाले, "बघा तात्या, आजून न्हाई द्यायचा इचार!"